न घाबरणारी कोळंबी

"वहिनी, एक सांगते, हसू नकोस," वैजूताई एक पाय रिक्षात ठेवून म्हणाल्या. "आईची साखर उतरते ना, ते हल्ली तिला कळतच नाही. पूर्वी घाम फुटायचा, हात कापायचे, मग स्वतःच उठून गूळ तोंडात टाकायची. आता त्यातलं काही होत नाही. छान बसलेली असते आणि आतून चाललेली असते. उपासाच्या दिवशी बाळाला तिच्यावर सोडून जाऊ नकोस."

"बरं ताई."

"नुसतं बरं ताई नको. ऐकलंस का?"

"ऐकलं हो."

ऐकलं होतं, पण माझं लक्ष कडेवरच्या ओजूच्या मुठीकडे होतं. मूठ घट्ट मिटलेली होती आणि हळूहळू तोंडाकडे निघाली होती. मी बोटं एकेक करून उलगडली, तर आत गुंज. लालभडक, टोकाला काळी, तकतकीत आणि विषारी. अंगणातल्या कुंपणावर वेल होता, मला माहीत नव्हता. मी किंचाळले. गुंज लांब भिरकावली, ओजूचा हात साबणाने धुतला, तोंडात बोट घालून पाहिलं, पुन्हा धुतला. तेवढ्यात रिक्षा वळणापलीकडे गेली. वैजूताईंचं बोलणं त्या साबणाच्या पाण्याबरोबर पन्हाळीतून वाहून गेलं.

संध्याकाळी मी तो वेल मुळासकट उपटला. आई ओट्यावरून बघत होत्या.

"वैजू काय सांगत होती?"

"तुमची काळजी घे म्हणाल्या."

"तिला काळजीचं दुकान काढून द्यायला हवं. तिच्या चिपळुणात चालेल बघ." मग वेलाकडे बघून म्हणाल्या, "आणि तू भागीदार."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या वाडीत आमचं घर आहे. सुयोग, माझा नवरा, तेव्हा मालवाहू बोटीवर होता, सहा-सहा महिने समुद्रात. घरात आम्ही तिघी: आई, मी आणि दहा महिन्यांची ओजस्वी. ओजू तेव्हा धरून उभी राहायला लागली होती. जे हाताला लागेल ते धरायची आणि उठायची. त्यामुळे माझ्या दृष्टीने घरातली प्रत्येक वस्तू तिच्यावर पडायच्या तयारीत होती.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगते. लहानपणापासून आहे, पण ओजू झाल्यावर त्याला ताळतंत्र उरला नाही. विहिरीवर लोखंडी जाळी होती, तिच्यावर मी दगड ठेवले. प्लगच्या भोकांना चिकटपट्ट्या लावल्या. पुढचं दार कायम आतून कडी लावलेलं असायला हवं, कारण पायऱ्या आणि पायऱ्यांपुढे रस्ता. मागच्या दाराची कडी सैल होती, म्हणून ते आतून नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. गाठी माझ्या, आणि माझ्या गाठी मलाच सुटायच्या नाहीत. आई म्हणायच्या, "चोर आला तर बिचारा बाहेर कसा जाईल, त्याचाही विचार कर गो."

माझी पीएच.डी. चालू होती. गावापासून स्कूटरने वीसेक मिनिटांवर, खाडीच्या मुखाशी, मत्स्यसंशोधनाचं एक छोटं केंद्र होतं. तिथे मी कोळंबीच्या रक्तातली साखर मोजायचे. आमच्या वाडीत हे सांगणं म्हणजे करमणूक होती. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "लोक कोळंबी खातात, आमची सून तिची साखर तपासते. डायबिटीस झालाय की काय तिला, देव जाणे. माझ्या वाटणीची सुई तिलाच टोचून ये म्हणते मी."

त्या दिवशी अंगारकी होती.

सकाळी आई खुर्चीत बसल्या, पदर बाजूला केला आणि पोटावर स्वतःच इंजेक्शन घेतलं. सराईतपणे, भाजी चिरावी तसं. मी डबा भरत होते.

"आज उपास आहे ना तुमचा? मग इंजेक्शन?"

"डॉक्टरांना शब्द दिलाय. इंजेक्शन चुकवायचं नाही म्हणाले."

"पण मग खायला हवं."

"ती काय खिचडी. कूट घालून केलीय. देवाला दाखवते आणि खाते."

"आता खा ना माझ्यासमोर."

"देवाच्या आधी? हेच शिकवलं काय गो तुझ्या कॉलेजात?" त्यांनी ओजूला माझ्याकडून घेतलं. "जा तू. तुझ्या कोळंब्या वाट बघत असतील, मॅडम कधी येतात, मॅडम कधी सुई टोचतात."

चुलीशेजारी साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. मी झाकण उचलून पाहिलंसुद्धा. वाफ आली. समाधान झालं. विहिरीवरचे दगड पाहिले, दोरीच्या गाठी ओढून पाहिल्या, पुढच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज ऐकला आणि एसटीसाठी निघाले. वाटेत गाड्याच गाड्या, सगळ्या गणपतीपुळ्याला चाललेल्या. आमची अर्धी वाडी एका टेम्पोत होती. शेजारच्या पेडणेकरकाकींनी मला टेम्पोतून हात केला.

प्रयोगशाळेत ताहिरा आधीच आली होती. ताहिरा मुकादम, माझ्याबरोबरच संशोधन करणारी, पलीकडच्या गावची. तिचा हात स्थिर होता आणि तोंड अस्थिर.

"आलीस? विहीर जागेवर आहे?"

"आहे."

"बाळ?"

"आहे."

"चला, मग आज विज्ञान होईल."

आमच्यापुढे दोन टाक्या होत्या. दोन्हींत एकाच जातीची, एकाच आकाराची कोळंबी. एकीतली साधी होती आणि दुसरीतली आम्ही बदललेली. ते कसं, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे.

कोळंबीचे डोळे देठांवर असतात. त्या देठांच्या आत एक बारीकशी ग्रंथी असते. कोळंबीला धोका जाणवला, म्हणजे पाण्याबाहेर काढली, प्राणवायू कमी पडला, कुणी पाठीमागे लागलं, की त्या देठातून एक संप्रेरक सुटतं आणि तिच्या रक्तात साखर चढते. पळायला बळ हवं ना, ते असं मिळतं. आपल्या घरातलं इन्शुलिन साखर उतरवतं, हे बरोबर उलटं. ते कसं बनवायचं याची कृती जनुकांत असते. एक जनुक नव्हे, बरीच, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बहिणींसारखी. त्यातल्या नेमक्या कुठल्या बहिणीचं काम काय, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी दुसऱ्या टाकीतल्या कोळंब्यांना आम्ही एक असं इंजेक्शन दिलं होतं, की जनुक जागेवर राहतं, पण त्याचा निरोप वाटेतच फाडला जातो. धोका येतो, डोळ्याच्या देठाला तो कळतो की नाही कोण जाणे, पण साखर चढवायचा हुकूम सुटत नाही.

प्रयोग साधा होता. जाळीने एक उचलायची, ओल्या फडक्यावर थोडा वेळ ठेवायची, परत पाण्यात सोडायची आणि मग पायाच्या मुळाशी सुई घालून थेंबभर रक्त घ्यायचं. कोळंबीचं रक्त लाल नसतं. पाण्यासारखं, जेमतेम निळी झाक असलेलं. मग त्यातली साखर मोजायची.

पहिल्या टाकीतली कोळंबी फडक्यावर आली की थयथयाट. शेपटी आपटायची, ताहिराच्या चष्म्यावर पाणी उडवायची. तिची साखर भराभर चढलेली यायची. दुसऱ्या टाकीतली फडक्यावर ठेवली की एखाद-दोनदा शेपूट हलवायची, मग पडून राहायची. साखर जिथल्या तिथे.

"संत आहेत गं या," ताहिरा म्हणाली. "आपल्याला असं इंजेक्शन मिळालं तर? विशेषतः तुला."

"मिळालं तर मी घेईन," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

मधल्या वेळात मी घरी फोन लावला. हा माझा रोजचा पहिला फोन. यावर आईंचं ठरलेलं उत्तर असायचं: "मेले नाही अजून! पोर पण आहे! ठेव!" आणि खरोखरच फोन ठेवायच्या.

त्या दिवशी बराच वेळ वाजल्यावर उचलला.

"आई?"

"हं."

"ओजू काय करतेय?"

"आहे."

"खिचडी खाल्लीत ना?"

"हो."

"बरं वाटतंय ना?"

"बरी आहे."

"मी आज जरा लवकर येते."

"बरं," त्या म्हणाल्या. किती मऊ आवाज होता. मी फोन ठेवला, आणि मला छान वाटलं. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच त्या माझ्याशी असं बोलल्या होत्या.

"आज ओरडल्या नाहीत," मी ताहिराला सांगितलं.

"उपासाचा परिणाम. अंगारकी महिन्याला यायला हवी."

आम्ही दुसऱ्या टाकीकडे वळलो. मघाशी फडक्यावर ठेवून परत सोडलेली एक कोळंबी तळाशी काचेला टेकून उभी होती. पाय वाळूत रोवलेले, मिशा पसरलेल्या, डोळे देठांवर ताठ. अगदी चित्रातल्यासारखी. बाकीच्यांपेक्षा तीच जास्त सुरेख दिसत होती.

"हिचं रक्त घेऊया," ताहिरा म्हणाली आणि तिने काचेच्या दांडीने तिला हलकेच डिवचलं.

कोळंबी आडवी झाली. पाय तसेच, डोळे तसेच, नुसती एका कुशीवर कलंडली. मेलेली होती. कधीची, ते आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं. आम्ही तिच्यासमोरच उभ्या होतो.

"अरे," ताहिरा म्हणाली. "ही तर आतून…"

तिने वाक्य पुरं केलं नाही, पण माझ्या डोक्यात ते दुसऱ्याच आवाजात पुरं झालं. छान बसलेली असते आणि आतून चाललेली असते. रिक्षात एक पाय. माझ्या हातात ओजूची मूठ.

"ताहिरा, त्या ओरडल्या नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"त्या ओरडल्या नाहीत! तुझ्या स्कूटरची चावी दे!"

तिने चावी दिली नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातमोजे ओढून काढले आणि म्हणाली, "मी चालवते. तू फोन लाव."

पायऱ्या उतरता उतरता मी फोन लावला. वाजला, वाजला आणि उचलला गेला. कुणी बोललं नाही. पाणी पडत होतं. नळ पूर्ण सोडल्यावर भरलेल्या भांड्यात पाणी पडतं तसा जड आवाज. आणि त्याच्या अगदी जवळून, फोनला तोंड लावल्यासारखं, "ब्ब. ब्ब. ब्ब."

"आई! आई, फोन घ्या! ओजू! आई!"

माझा आवाज ऐकून ओजू हसली. खुदकन. मग काहीतरी धप्प झालं आणि फोन बंद पडला. नंतर लागलाच नाही.

मी ताहिराच्या मागे बसले ते अॅप्रनमध्येच. मुख्य रस्त्यावर गणपतीला जाणाऱ्या गाड्यांची रांग होती, दोन एसट्या समोरासमोर अडकलेल्या. ताहिराने स्कूटर खाली बंधाऱ्यावर घातली. खाजणातला मातीचा बंधारा, दोन्हीकडे पाणी, मधे एका स्कूटरपुरती वाट.

"डोळे मीट हवं तर," ती म्हणाली.

"नाही मिटणार."

"मग मला घट्ट धर आणि कुणालातरी फोन कर. शेजारी कोण आहे?"

पेडणेकरकाकींना लावला. मागे घंटा, माणसांचा गलबला. "अगो, रांगेत आहोत!" त्या ओरडून म्हणाल्या. "दर्शन झालं की येतो! तुझ्यासाठी प्रसाद आणते हां!" मी काय बोलले ते त्यांना ऐकूच गेलं नाही. दुसरा फोन, तिसरा. सगळी वाडी देवळात. मी ज्या ज्या माणसाला ओळखत होते ते प्रत्येक माणूस त्या क्षणी देवापुढे हात जोडून उभं होतं आणि माझ्या घरात नळ वाहत होता.

ताहिरा पुटपुटत होती. अरबी होतं, मला कळलं नाही, पण सूर कळला. वाटेत एका खड्ड्यात स्कूटर उडाली, तेव्हा मधेच थांबून "हरामखोर ठेकेदार" म्हणाली आणि परत सुरू केलं.

घर बाहेरून नेहमीसारखं होतं. तुळशीपाशी सकाळची रांगोळी. पुढच्या दाराला आतून कडी. मीच लावायला लावलेली.

"आई! आई, दार उघडा!"

आतून फक्त पाणी.

ताहिराने खांदा मारला. सागवानी दार, हललंसुद्धा नाही. मी मागे धावले. मागचं दार ढकललं, तर बोटभर उघडलं आणि माझ्या दोरीवर अडकलं. फटीतून दोरी दिसत होती. चार वेढे, वर गाठीवर गाठ. मी हाताने ओढली. दाताने ओढायला तोंड दोरीपर्यंत पोचेना.

"खिशात काय आहे तुझ्या?" ताहिरा ओरडली.

अॅप्रनच्या खिशात कात्री होती. कोळंबीच्या डोळ्याचा देठ कापायची, बोटाएवढी, बाकदार. मी ती फटीतून आत घातली आणि नायलॉन कापू लागले. ती कात्री दोरीसाठी नव्हती. एकेक धागा कापत होती. पाणी पडत होतं. ओजूचा आवाज येत नव्हता. मघाशी फोनवर येत होता, आता येत नव्हता. मी कान देत होते आणि कापत होते, आणि माझे हात इतके थरथरत होते की कात्री दोन वेळा माझ्याच बोटात गेली. ताहिराने माझं मनगट मागून धरलं. "काप," ती म्हणाली. "मी धरलंय. काप."

दार उघडलं. स्वयंपाकघर. पातेल्यावर झाकण. पुढे न्हाणी.

न्हाणीत घोटाभर पाणी साचलेलं. नळाखाली मोठा प्लास्टिकचा टब, काठोकाठ, वाहून जात असलेला. ओजू टबाचा काठ धरून टाचा उचलून उभी होती आणि आत वाकली होती. एक हात खांद्यापर्यंत पाण्यात. तळाशी आईंचा फोन पडलेला, तो तिला हवा होता. सगळं लक्ष त्याच्यावर, म्हणून आवाज नव्हता. हनुवटी पाण्याला लागत होती, ओठ मिटलेले होते. टबाकडे आणखी इंचभर झुकली असती तर डोकं आत आणि पाय वर.

ती झुकत नव्हती, कारण मागून तिचा फ्रॉक ताणलेला होता.

आई पाटावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. डोळे उघडे, चेहरा शांत, कपाळ कोरडं. ओठांवर जवळजवळ हसू. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, कशाकडेच बघत नव्हत्या. फक्त उजवी मूठ ओजूच्या फ्रॉकवर आवळलेली होती.

मी ओजूला उचललं, तर आईही तिच्याबरोबर पुढे कलल्या. मूठ सुटेना. बोटं उलगडायचा प्रयत्न केला, लाकडासारखी. शेवटी ताहिराने माझ्या हातातली कात्री घेतली आणि फ्रॉकच कापला. कापडाचा तुकडा आईंच्या मुठीत राहिला. ओजूने आता गळा काढला. ते रडणं ऐकून मी पाण्यातच बसले.

"बसू नकोस! साखर कुठाय?" ताहिरा.

डबा, वाटी, पाणी. तिने दाट पाक व्हावा तशी साखर कालवली. मी ओजूला एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने आईंचं तोंड उघडायला गेले. त्यांनी दात आवळले.

"आई, साखर आहे. घ्या."

"उपास," त्या म्हणाल्या. दातांच्या आतून, खूप लांबून आल्यासारखं. "चंद्र… उगवला?"

"उगवला, आई, उगवला! घ्या!"

त्यांनी न्हाणीच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे भर दुपारचं ऊन होतं. तोंड आणखी मिटलं. शुद्ध जवळजवळ नव्हती, तेवढं मात्र कळत होतं. मी चमचा ओठांशी रेटला, पाक हनुवटीवरून ओघळला. जबरदस्तीने ओतावं तर ठसका लागून श्वासात जायचं. मला ते माहीत होतं, आणि माहीत असूनही मी रेटत होते.

ताहिराने मला बाजूला केलं. पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतली, आईंच्या समोर पाण्यात गुडघे टेकले, आणि अगदी देवळातल्यासारख्या आवाजात म्हणाली, "काकी, तीर्थ."

आईंचा उजवा हात उठला. फ्रॉकचा तुकडा गळून पडला. बोटं जुळली, तळव्याची वाटी झाली आणि डावा हात आपोआप तिच्याखाली आला. त्या डोळ्यांत अजून काहीच नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. ताहिराने त्यात चमचाभर पाक घातला. त्यांनी तो तोंडाला लावला, प्यायला, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"अजून एक, काकी. पंचामृत आहे."

हात पुन्हा पुढे आला. नाही म्हणायचं नसतं. एकामागून एक, वाटी संपेपर्यंत. मग दुसरी वाटी.

मी खोलीतून मशीन आणलं, बोट पुसून टोचलं. एकतीस. सत्तरच्या खाली धोका, आणि इतकी तीर्थं घेतल्यावर एकतीस. आधी किती होती, ते त्या गणपतीलाच ठाऊक.

ताहिरा देत राहिली. मी ओजूला घट्ट धरून बघत राहिले. पाचेक चमच्यांनंतर आईंनी पापणी हलवली. मग पायाखालच्या पाण्याकडे बघितलं, मग आमच्या पायांकडे.

"न्हाणीत चपला घालून कोण आलं?" त्या म्हणाल्या.

मी मोठ्याने रडायला लागले.

"रडतेस काय? पोर का उघडी? नळ बंद करा आधी, टाकी रिकामी होईल." मग ताहिराकडे वळून, डोळे बारीक करून, "तू मुकादमांची ना?"

"हो काकी."

"तीर्थ तू दिलंस?"

ताहिराने डोक्यावरची ओढणी मागे घेतली. "हो."

आईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता हे वाचलेलं सगळं बिघडणार.

"पंचामृत म्हणालीस," आई म्हणाल्या. "दही कुठे होतं?"

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले होते आणि समजावतही होते. "अहो, इंजेक्शन चुकवू नका म्हणालो, म्हणजे जेवणही चुकवू नका, हे मी वेगळं सांगायचं?"

"मी दोघांचंही ऐकलं," आई म्हणाल्या. "तुमचंही आणि देवाचंही."

"खिचडी खाल्ली नाहीत?"

"चंद्रोदयाला खाणार होते. हिला सांगितलं खाते म्हणून, नाहीतर ही ऑफिसला गेली नसती."

"आणि काही जाणवलं नाही? घाम? धडधड?"

"काही नाही. बरं वाटत होतं. खरं सांगते, डॉक्टर, फार बरं वाटत होतं. पोरीला आंघोळ घालू म्हटलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. इतकी वर्षं आजार असला, साखर पुन्हापुन्हा उतरत राहिली, की शरीर घाबरायचं विसरतं, ते म्हणाले. धोक्याची घंटा वाजतच नाही. रक्तदाबाची गोळी उरलीसुरली धडधडही झाकते. माणूस शांत दिसतं.

आई ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ते अजून कापत होते. दोन बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या, मांडीवर ओजू, आणि कापत होते.

"हिचे थांबतील का हो?" त्यांनी विचारलं.

"थांबतील."

"नको," आई म्हणाल्या. "एका घरात एकीला तरी भीती वाटलेली बरी."

त्यानंतर त्यांनी मला भित्री म्हणून चिडवलं नाही असं नाही. ते चालूच राहिलं. पण इंजेक्शन घेतल्यावर त्या समोर बसून खातात, देव नंतर. घरातलं घाबरायचं खातं रीतसर माझ्याकडे आलं. ताहिराला दर अंगारकीला बोलावणं असतं, दह्यासकट. ओजू आता तिसरीत आहे, पोहायला शिकते, आणि मी काठावर उभी राहून तिचं डोकं पाण्यावर येईपर्यंत श्वास धरते.

दुसऱ्या टाकीतल्या कोळंब्यांवर पुढे माझा शोधनिबंध झाला. त्यात आकडे आहेत, तक्ते आहेत. त्या किती सुरेख उभ्या असायच्या, ते त्यात नाही.

तुम्ही हे वाचाल तेव्हा कुठला ना कुठला उपास असेलच. संकष्टी, एकादशी, रोजा, सोमवार. तुमच्या ओळखीचं कुणीतरी सकाळी सुई टोचून घेऊन घरात एकटं बसलेलं असेल. हे खाली ठेवा आणि त्यांना फोन लावा. "जेवलात का?" असं विचारू नका, "हो" म्हणतील. "काय जेवलात?" असं विचारा, आणि उत्तराची वाट बघा. आवाज गोड लागला, उत्तराला वेळ लागला, तर फोन ठेवू नका. चालता चालता बोलत राहा. निघा.